विमानावर सावली धरणारा माणूस

मी विमान कधी चालवलं नाही आणि विमानात बसून कुठं गेलोही नाही. पण सत्तरच्या दशकातले चार हंगाम मी एका विमानावर सावली धरली आहे. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. "आबा, विमान तर ढगात असतं, त्याले सावली कायले लागते?" असं धाकटीनं एकदा विचारलंही. संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात माझी नंतरची सरकारी नोकरी असावी. तिच्यात मी इमानेइतबारे फायली हलवल्या, त्यावर एक पानसुद्धा भरणार नाही. सांगण्यासारखं जे आहे ते त्याआधीच्या चार हंगामांतलं आहे.

तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी पडली की बाहेरच्या एका कंपनीचं विमान औषध फवारायला येई. जऊळक्याच्या अलीकडे गायरानावर मुरूम दाबून त्याच्यासाठी धावपट्टी केली होती. औषधाचे ड्रम रेल्वेनं उतरत आणि बैलगाड्यांनी धावपट्टीवर येत. मी तेव्हा तिशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप. कापसाच्या जिनिंगमधलं काम हंगामापुरतं असायचं, म्हणून इथं हेल्पर लागलो. ड्रम उतरवणं, टाकीत औषध भरणं, पाणी आणणं आणि दुपारी विमानाजवळ बसून राहणं हे माझं काम.

विमान पिवळं, लहानसं. आत एकच माणूस बसणार. त्याच्या पुढ्यात औषधाची टाकी आणि डोक्यावर आरपार दिसणारं झाकण. आम्ही त्याला काच म्हणायचो, पण ती काच नव्हती, जाड प्लास्टिक होतं. पायलटला खाली, वर, बाजूला सगळं दिसावं म्हणून ते तसं केलेलं. आता भादव्या-अश्विनातलं आमच्याकडचं ऊन ज्यानं सोसलंय त्यानं डोळ्यांपुढं आणावं, की अशा झाकणाखाली काय होत असेल. फवारणी सकाळी आणि दुपार कलल्यावर चाले, कारण मधल्या वेळात वारा सुटतो आणि औषध भलत्याच्या शेतात जातं. म्हणजे भर दुपारचे चार-पाच तास विमान उघड्यावर उभं. त्यानंतर पायलट आत बसायला गेला की पट्ट्याचं बक्कल हाताला चटका देई आणि सीटवर पाठ टेकवत नसे.

वर गेल्यावर गार वाटत असेल, असं सगळ्यांना वाटतं. ते वर जाणारं विमान वेगळं. आमचं विमान पऱ्हाटीच्या शेंड्यापासून आठ-दहा फुटांवरून जायचं. खिडकी उघडावी तर औषधाचा वास आत येणार, म्हणून तीही बंद. शिरपूरचे एक म्हातारे शेतकरी विमान पाहायला आले होते. त्यांनी समोरचा पंखा नीट न्याहाळला आणि मला बाजूला घेतलं.

"काहून बाप्पा, येवढा मोठा पंखा समोर आहे, मंग साहेबाले आत गरम कायले होते?"

मी सांगितलं, "आजोबा, तो पंखा विमानाले वढते, साहेबाले हवा घालत नाई."

"मंग येक लहानसा आतून लावा ना! येवढी अक्कल नाई काय कंपनीले?"

मी हे आमच्या पायलटना, कॅप्टन देसाईंना सांगितलं. ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "त्यांना म्हणावं, कंपनीला पत्र तुम्हीच लिहा."

कॅप्टन देसाई पुण्याकडचे. चाळिशीचे, किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनीच मला पहिल्या हंगामात समजावलं की उकाडा म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. "किसन, घाम येतो तोवर ठीक. पण आत तापलं की डोकं मंद होतं. हात अर्धा क्षण उशिरा हलतो. शेताच्या टोकाला तार असते, झाड असतं. तो अर्धा क्षण मला परवडत नाही." त्या दिवसापासून मला माझं काम कळलं. त्यांना गार ठेवायचं, म्हणजे ते धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, तारेवरून सुखरूप वर येतील. बाकी ड्रम कोणीही उचलले असते.

मग आम्ही हळूहळू आमच्या रीती बसवल्या. विमान उभं करताना तोंड वाऱ्याकडे करायचं, दारं उघडी टाकायची आणि निघायच्या क्षणी लावायची. मानेवर ओला पंचा. प्रत्येक खेपेला टाकी भरेपर्यंत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, तेही घोट घोट, घटाघटा नाही. एका शेतकरणीनं साहेबांच्या खिशात कांदा ठेवायला दिला. ऊन लागत नाही म्हणे. साहेबांनी तो हंगामभर ठेवला आणि शेवटी त्याला कोंब आला.

पाण्याचा माठ मी भरायचो. गावातल्या दोघा-तिघांनी साहेबांच्या कानावर घातलं, की किसन बौद्धवाड्यातला आहे, तुम्हाला चालतं का. साहेब म्हणाले, "मग? पाणी गार असतं की." विषय तिथंच संपला. त्यांना त्यात काही मोठं केलं असं वाटलं नसावं, पण मी ते वाक्य आजवर जपलं आहे.

दुसऱ्या हंगामात मी माझी अक्कल चालवली. आमच्या घरी उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं बांधायचे, रांजणालाही तेच गुंडाळायचे. मला वाटलं, जे रांजणाला चालतं ते विमानाला का चालू नये? औषधाचा वास नसलेली, धान्याची चार-पाच पोती निवडली, विहिरीवर भिजवली आणि दुपारभर झाकणावर घातली. दर अर्ध्या तासाला पाणी शिंपडायचं. निघताना पोती ओढून काढायची आणि त्यांनीच झाकण खसाखसा पुसायचं, म्हणजे धूळही गेली.

काम फत्ते झालं. कॅप्टन आत बसले, हात बक्कलावर ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिले. "किसन, आज आत महाबळेश्वर आहे." मी असा फुगलो की घरी जाताना सायकल गावातून मुद्दाम फेरा मारून नेली. विमानाचं काम बघणारे रहीम मिस्त्री त्या आठवड्यात सुटे भाग आणायला अकोल्याला गेले होते, नाहीतर त्यांनी पहिल्याच दिवशी माझा कान धरला असता. आठ दिवस माझा हा कारभार चालला.

नवव्या दिवशी धावपट्टीपासून दीड-दोन कोसांवरच्या एका लांबट शेतात फवारणी होती. शेत पूर्व-पश्चिम, दोन्ही अंगांना नाले, त्यामुळं विमानाला येताना-जाताना एकाच रेषेत उडावं लागे. पश्चिमेच्या धुऱ्यावर विजेची तार होती. साडेपाचची खेप, सूर्य समोर उतरलेला. मी धावपट्टीवर होतो. विमान नेहमीपेक्षा लवकर परत आलं आणि वाकडंतिकडं टेकलं. कॅप्टन आतून उतरेनात. मी जवळ गेलो तर चाकात बाभळीचा हिरवा शेंडा अडकलेला.

ती बाभूळ मला माहीत होती. तारेच्या खांबाला लागूनच होती.

थोड्या वेळानं ते उतरले. चेहरा पांढरा. मला म्हणाले, "आत बस." मी घाबरत बसलो. त्यांनी तिथल्या माणसांकडून शेपूट धरून विमानाचं तोंड सूर्याकडे वळवून घेतलं. "काय दिसतं?"

मला काहीच दिसेना. दुपारच्या उजेडात जे झाकण स्वच्छ वाटायचं, त्यावर हजारो बारीक ओरखडे होते आणि तिरप्या उन्हात ते सगळे एकदम पेटले होते. समोर नुसता पांढरा लोळ. त्यापलीकडं उभा असलेला ड्रमचा ढीगसुद्धा दिसत नव्हता.

"काईच नाई दिसून राह्यलं, साहेब."

"मलाही दिसलं नाही. खांब कडेला दिसला म्हणून वर घेतलं."

त्याच दिवशी रहीम मिस्त्री परत आले होते. ते धावत आले, झाकणावरून बोट फिरवलं आणि आपल्याच कपाळावर हात मारला. झाकण साफ ठेवणं त्यांच्या अखत्यारीत. ते म्हणाले, "साहब, मी नव्हतो तं हवेनं रेती उडाली असंन. माहीच गलती आहे, झाकून जायले पाह्यजे होतं." बिचाऱ्या माणसानं आल्या आल्या दोष आपल्या अंगावर घेतला. गप्प बसलो असतो तर ते खपून गेलं असतं. मनात एकदा आलंही. खोटं कशाला सांगू?

"रेती नाई, साहेब," मी म्हणालो. "म्या पोत्यानं पुसलं. रोज."

कॅप्टन माझ्याकडे वळले. "अरे, मेलो असतो ना मी." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. धावपट्टीच्या कडेच्या आपल्या तंबूत गेले आणि कनात ओढून घेतली.

पोत्याच्या तागात धूळ आणि मुरमाचे कण बसतात, ओलं केलं की ते चिकटून राहतात, आणि त्या प्लास्टिकवर ते कानशीचं काम करतात. हे मला रहीम मिस्त्रींनी नंतर शांतपणे समजावलं. "किसनभाऊ, काच कडक राह्यते. हे नरम आहे. याले अंगावरच्या लेकरावानी पुसा लागते." पुढचे दोन दिवस फवारणी बंद ठेवून त्यांनी झाकण घासलं. दात घासायची पेस्ट आणि कापूस. कापसाला आमच्याकडे काय तोटा? मी जिनिंगमधून सरकी काढलेला, मऊसूत, निवडलेला कापूस आणला आणि दोघांनी मिळून बोटं बधिर होईपर्यंत गोल गोल चोळलं. हळूहळू ओरखडे विरत गेले. सगळे गेले की नाही, हे मात्र पश्चिमेला तोंड करून उडाल्याशिवाय कळणार नव्हतं.

प्रश्न उरला झाकायचा. ऊन काही आमच्या चुकीसाठी थांबलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, कापड पांढरंच पाहिजे, काळी ताडपत्री टेकली तर प्लास्टिक तापून वाकडं होईल. सुती पाहिजे, मऊ पाहिजे, शिवण नको, काठ जाड नको. दुकानातलं नवं मांजरपाट आणलं तर त्याला खळ, ते पोत्याचाच भाऊ. दहा-पंधरा धुण्याशिवाय ते मऊ पडणार नाही, आणि परवा फवारणी.

घासणीच्या पहिल्या संध्याकाळी घरी जेवण जाईना. मायनं ताट बघितलं.

"काय झालं रे किस्ना?"

मी सगळं सांगितलं. पोती, ओरखडे, बाभळीचा शेंडा. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि आपलं पांढरं पातळ माझ्यापुढं ठेवलं. छप्पन साली दीक्षेला नेसलेलं. त्यानंतर फक्त वंदनेला आणि जयंतीला ती ते नेसायची. दरवेळी स्वतःच्या हातानं, साबणसुद्धा जपून लावून धुवायची. वीस वर्षांच्या आसपासचं ते सूत इतकं मऊ झालं होतं की हातात धरल्यासारखं वाटत नव्हतं.

"माय, हे नाई. हे तुह्यं दीक्षेचं आहे."

"मंग? म्हनूनच देऊन राह्यलो."

"औषधाचे डाग पडतीन. मंग तुले नेसता नाई येनार."

"मी नेसतो वर्षातून दोन डाव. पेटीत ठेवून त्याची पूजा करा लागते काय? जे नेसून आपन मानूस झालो, ते मानसाच्या कामी नाई आलं तं कायले ठेवाचं?" आणि पेटी लावता लावता, "फकत कातर लावू नको त्याले."

कातर लावायची नाही, म्हणजे शिवणही नाही. मला त्यातच रस्ता सापडला. आमच्याकडे पावसापाण्यात बैलगाडीवर बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून वर तट्ट्या टाकतात. मी बुरुडाकडून चार लांब कामट्या आणल्या, तासून गुळगुळीत केल्या आणि विमानाच्या बाजूंना अशा बांधल्या की कमान झाकणाच्या वर वीतभर राहील. त्यावर पातळ दुहेरी घडी करून ताणलं. कापड झाकणाला टेकेचना, मधून हवा खेळायची. झाकण चार बोटं उघडं ठेवलं की आतली गरम हवा वरून निघून जाई. पाणी शिंपडायचं ते कापडावर, झाकणावर एक थेंब नाही. मिस्त्रींनी सगळं चारी बाजूंनी तपासलं आणि मान डोलवली. माझ्या आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच सर्टिफिकेट.

इथंच एक-दोन रुखरुखीही सांगून टाकतो. ते पातळ उरलेले तीन हंगाम विमानावर राहिलं आणि शेवटी पिवळं पडलं. मायला पुन्हा ते नेसता आलं नाही. मी नंतर तिच्यासाठी नवं आणलं. तिनं कौतुकानं घेतलं, पण ते काही ते नव्हतं. दुसरी रुखरुख आमच्या झेंडीवाल्यांची. शेताच्या दोन्ही टोकांना झेंडी घेऊन माणसं उभी राहत, म्हणजे पायलटला कुठल्या तासावरून, म्हणजे पिकाच्या ओळीवरून, जायचं ते कळे. औषध त्यांच्या अंगावर पडे आणि आम्ही वर हसायचो, "आता तुले डास नाई चावनार." आम्ही साहेबांना गार ठेवायला एवढी अक्कल लावली, पण त्या माणसांच्या तोंडाला साधा रुमाल बांधावा, हे कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कॅप्टन आले. त्यांनी पातळाकडं पाहिलं, वाकून कामट्या पाहिल्या.

"हे कुणाचं?"

"मायचं."

"तिला ठाऊक आहे?"

"तिनंच देल्लं. कातर लावाची नाई म्हने."

मी पातळ उतरवलं, घडी घातली. त्यांनी आत हात घातला, सीट चाचपली. मग म्हणाले, "आज तेच शेत आहे. राहिलेला पट्टा. परत पश्चिमेला."

मी म्हणालो, "साहेब, आज तिकडची झेंडी म्या धरतो."

"तू कशाला?"

"तार नाई दिसली तं मी दिसीन. म्या तारीच्या खालीच उभा राह्यतो."

नको म्हणाले असते तर मी थांबलो असतो, पण ते म्हणाले, "तोंडाला पंचा बांध." त्या हंगामात तोंडाला फडकं बांधलेला झेंडीवाला मी एकटाच, तोही साहेबांनी सांगितलं म्हणून.

सायकलनं जाऊन मी धुऱ्यावर उभा राहिलो. पाठीमागं सूर्य, डोक्यावर तार, शेजारी शेंडा तुटलेली बाभूळ. पऱ्हाटी माझ्या कमरेपर्यंत. सावली माझ्यापुढं लांब पडली होती. पूर्वेकडून विमानाचा आवाज आला आणि मग ते शेंड्यांवरून सरळ माझ्याकडे यायला लागलं, मागं औषधाचा पांढरा पट्टा सोडत. कापूस चोळताना एखादा कोपरा राहिला असेल का, एवढंच डोक्यात. झेंडी दोन्ही हातांनी उंच धरली.

आणि तेव्हा मला ते दिसले. उन्हाचा झोत सरळ झाकणावर होता आणि झाकण कुठंच पेटलेलं नव्हतं. त्यातून मला कॅप्टनचा चेहरा दिसला, मानेवरचा पंचा दिसला. फवारा बंद झाला, नाक वर झालं, आणि तारेच्या खूप वरून जाताना त्यांनी आतून हात उचलून मला दाखवला. मी खाली बसलो. पऱ्हाटीतच बसलो आणि रडलो. पुढची खेप यायच्या आत उठावं लागलं, कारण झेंडी धरायची होती.

अशा सात खेपा झाल्या. दिवस मावळता मावळता मी धावपट्टीवर पोचलो तेव्हा कॅप्टन नुकतेच उतरले होते आणि माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होते. त्यांच्याबद्दल, मिस्त्रींबद्दल मला जे वाटतं त्याला कृतज्ञता हा फार सभ्य शब्द झाला. मला हाकलून देणं अगदी सोपं होतं. त्यांनी मला परत तारेखाली उभं राहू दिलं.

घरी गेलो तर माय चुलीपाशी होती. मी म्हणालो, "साहेब सुखरूप आले, माय."

तिनं भाकरी उलटली. "त्याचा सदरा पाह्यला काय तू? पाठीवर घामानं वला होता?"

"नाई. कोरडा होता."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि माझं ताट वाढलं.